गाठ कुठे पडेल?

दहावीच्या मुलांपुढे तयार समीकरण ठेवलं की बहुतेक जण ते सोडवून मोकळे होतात. पदं इकडची तिकडे नेतात, चिन्हं बदलतात, भाग देतात आणि उत्तराखाली दोन रेघा मारतात. तेच समीकरण चार ओळींच्या गोष्टीत घालून दिलं, एक गाडी अमुक वाजता निघाली, दुसरी तमुक वाजता, की पेन खाली ठेवलं जातं. माझी भाची याला अपवाद नाही. नाशिकरोडच्या जेलरोडला आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते, रविवारी सकाळी वही घेऊन येते आणि वेग-अंतर-वेळेचं पान उघडलं की तिला हटकून तहान लागते.

"आत्या, सूत्र येतं गं मला. पण यात करायचं काय, तेच कळत नाही."

ही तक्रार मला अगदी रास्त वाटते. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे सूत्र तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण हे सूत्र जगातल्या प्रत्येक गाडीला, प्रत्येक बैलाला आणि प्रत्येक वारकऱ्याला सारखंच लागू आहे. त्यामुळे या विशिष्ट गाडीबद्दल ते नवं काहीच सांगत नाही. समीकरण मिळायचं तर गोष्टीतच कुठेतरी हात घालावा लागतो. तो कुठे घालायचा हे सांगायला वर्गात वेळ नसतो, आणि क्लासमध्ये ते सांगण्याची गरज वाटत नाही, कारण तिथे प्रकार पाठ करून घेतात: प्रकार पहिला समोरासमोर येणाऱ्या गाड्या, प्रकार दुसरा पाठलाग, प्रकार तिसरा नाव आणि प्रवाह.

मी तिला पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवायला सांगितलं आणि एक घरचं दिलं. समजा, श्रावणातल्या सोमवारी तुझे बाबा पहाटे ५ वाजता सीबीएसवरून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, त्र्यंबकेश्वरला पायी निघाले. चाल ताशी ५ किमी. ८ वाजता तुझ्या आईच्या लक्षात आलं की बीपीची गोळी टेबलावरच राहिली. ती लगेच सीबीएसवरूनच स्कूटरने निघाली, ताशी ३५ किमी. गाठ कुठे पडेल?

"मी जाते ना स्कूटरवर."

"तुझं लायसन्स नाही. आईच जाईल."

तक्ता आखला. दोन ओळी, बाबा आणि आई. तीन रकाने, वेग, वेळ आणि अंतर. बाबा किती वेळ चालले हे माहीत नाही, म्हणून ते क्ष. तिच्या वहीत एक्स असतो. माझ्या हातून अजून क्षच उमटतो, आणि ती तो चालवून घेते. आई तीन तास उशिरा निघाली, म्हणून तिची वेळ क्ष − ३. तिसरा रकाना सूत्राने आपोआप भरला: बाबांचं अंतर ५क्ष, आईचं ३५(क्ष − ३).

इथे ती पुन्हा थांबली. मुलं नेमकी इथेच थांबतात. तक्ता भरला, सगळे आकडे वापरून झाले, आता बरोबरचं चिन्ह कुठून आणायचं?

मी तिला म्हटलं, गोष्ट परत वाच आणि जे तक्त्यात गेलं ते वाक्य खोडत जा. बाबा ५ ला निघाले, गेलं. ताशी ५ किमी, गेलं. आई ८ ला निघाली, गेलं. ताशी ३५, तेही गेलं. गोळी टेबलावर राहिली, हे गणिताला नकोच आहे. मग उरलं काय? आईने बाबांना गाठलं. हे एवढंच वाक्य कुठल्याही रकान्यात बसलेलं नाही, आणि समीकरण त्याचंच होतं. गाठलं म्हणजे रस्त्यावर जिथे बाबा तिथेच आई, म्हणजे दोघांची अंतरं सारखी. ५क्ष = ३५(क्ष − ३). यावरून ३०क्ष = १०५, क्ष = ३.५. साडेआठ वाजता, साडेसतरा किमीवर, अंजनेरीच्या थोडं अलीकडे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकवण्यासारखी गोष्ट ही एवढीच आहे. तक्ता भरल्यावर जे वाक्य हातात उरतं, त्याचं समीकरण होतं. समोरासमोरच्या गाड्यांत उरतं, 'दोघींनी मिळून सगळा रस्ता संपवला'. जाऊन परत येण्यात उरतं, 'गेला तोच रस्ता'. प्रकार पाठ करायची गरज पडत नाही. फक्त गोष्ट नीट वाचावी लागते, आणि मराठीच्या पेपरात उताऱ्याचे सगळे गुण काढणारी मुलं गणिताच्या पेपरात चार ओळी धड वाचत नाहीत, हे मला कायम गमतीचं वाटत आलंय.

पुढच्या रविवारी तेच उदाहरण मी तिला पुन्हा दिलं, आकडे तेच. यावेळी तिने आईच्या वेळेला क्ष मानलं. त्यात वावगं काही नाही, पण सवयीने बाबांपुढे क्ष − ३ लिहून बसली. ३५क्ष = ५(क्ष − ३). उत्तर आलं, क्ष = −०.५.

"उणे अर्धा तास! चुकलंच." तिने खोडरबर उचलला.

मी तो काढून घेतला. चुकलेलं समीकरणही खोटं बोलत नाही, आपण त्याला जे सांगितलं त्याचंच उत्तर देतं. तिने त्याला सांगितलं होतं की आई ८ ला निघाली आणि बाबा तिच्यानंतर तीन तासांनी, म्हणजे ११ ला. असं असेल तर पुढे कधीच गाठ पडणार नाही, स्कूटर केव्हाच त्र्यंबकला पोचलेली असेल. पण दोघं आधीपासूनच याच वेगाने याच सरळ रेषेत येत होते असं धरलं तर? मग साडेसात वाजता, ८ च्या अर्धा तास आधी, आई सीबीएसच्या साडेसतरा किमी मागे असणार. आणि ११ ला सीबीएसवर पोचणारे बाबा साडेसातला साडेतीन तास मागे, म्हणजे तेही साडेसतरा किमीच मागे. गाठ पडून गेलेली आहे, त्र्यंबकच्या उलट अंगाला, आडगावच्याही पलीकडे कुठेतरी. योग्य उत्तरातला साडेसतराचा आकडाच आरशात उलटा होऊन समोर उभा होता. तिने दोन्ही समीकरणं शेजारी शेजारी लिहून ठेवली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली. त्या दिवशी पाणी प्यायला उठली नाही.

या उण्याची गंमत मला आर्यभटामुळे कळली. इ. स. ४७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने आपल्या ग्रंथाच्या गणितपादात दोन चालत्या गोष्टींच्या भेटीचा नियम एका श्लोकात बसवलाय. विरुद्ध दिशांनी चालल्या असतील तर मधल्या अंतराला वेगांच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने असतील तर वजाबाकीने. येईल तो भेटीचा काळ. आपल्या उदाहरणात आई निघाली तेव्हा बाबा १५ किमी पुढे होते, वेगांतला फरक ३०, म्हणून अर्धा तास. क्ष नाही, तक्ता नाही, तोंडी हिशेब. पण श्लोकाच्या शेवटी त्याने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: हा काळ झालेला असेल किंवा व्हायचा असेल. त्याच्यासमोर गाड्या नव्हत्या, ग्रह होते. मंद चालणारा ग्रह पुढे आणि शीघ्र मागे असेल तर युती व्हायची आहे, शीघ्र पुढे निघून गेला असेल तर ती होऊन गेली. पंचांग करणाऱ्याला दोन्ही उत्तरं सारखीच कामाची. 'काळ ऋण नसतो, म्हणून हे उत्तर अग्राह्य' असं लिहायची पाळी त्याच्यावर आली नाही.

आता तक्रारीची दुसरी बाजू. पुस्तकातल्या गाड्यांना मधली स्टेशनं नसतात. त्या 'अ' वरून सुटतात आणि 'ब' ला पोचतात, एकसमान वेगाने. मी बरीच वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाऊन केलं. १९७५ पासून धावणारी ही गाडी म्हणजे अर्ध्या नाशिकरोडच्या घराघरांतलं घड्याळ आहे, आणि एकसमान वेग हा शब्द तिच्या डब्यात उच्चारलात तर पासहोल्डर मंडळी तुम्हाला भजी खायला घालतील, पण हसल्याशिवाय राहणार नाहीत. कल्याणच्या अलीकडे लोकलच्या मागे रखडायचं, आसनगावपुढे जरा मोकळं पळायचं आणि कसाऱ्याला निमूट उभं राहायचं, कारण पुढे थळघाट. ३७ मीटर गेल्यावर १ मीटर वर, एवढी चढण. मागून रेटायला बँकर इंजिनं जोडल्याखेरीज गाडी इगतपुरीला जात नाही. हा मार्ग १८६५ पासून चालू आहे, इंजिनं बदलली, चढण तीच. मुंबई ते नाशिकरोड साधारण १८८ किमी. त्याला पावणेचार तास धरले तर सरासरी ताशी पन्नास येते, आणि ताशी पन्नासने ती गाडी सबंध प्रवासात जेमतेम काही मिनिटं चालत असेल.

मग पुस्तक खोटं का? मला तसं वाटत नाही. घाट, सिग्नल, बँकर हे सगळं टाकून दिल्यावरच त्या गोष्टीत एक उरलेलं वाक्य स्पष्ट दिसतं. खऱ्या पंचवटीत अशी वाक्यं इतकी उरतात की एकाही समीकरणाला जागा मिळत नाही. पण आपण काहीतरी टाकून दिलंय, एवढं मुलांना सांगावं. ते कुणी सांगत नाही, म्हणून त्यांना वाटतं की गणिताला जग माहीत नाही.

सरासरीचाच आणखी एक डाव आहे, तो मी तिच्यावर टाकला. त्र्यंबकला जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी किती? ती म्हणाली ५०. तिचे बाबाही पेपरातून डोकं वर न काढता ५० म्हणाले. मी म्हटलं करून बघा.

"पण अंतर कुठे दिलंय?"

दिलेलं नाही, तर मान. अंतराला क्ष म्हण आणि पुढे चल. जायला क्ष/४० तास, यायला क्ष/६० तास, दोन्ही मिळून क्ष/२४. एकूण अंतर २क्ष. भागाकार केला की क्ष उडतो आणि उरतात ४८. बाबांनी पेपर खाली ठेवला. ताशी ४० ने गाडी जास्त वेळ चालली, म्हणून सरासरी ४० कडे झुकली, एवढंच. पण भाचीला ४८ पेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. ज्याची किंमत शेवटपर्यंत कळली नाही, कळायची गरजही पडली नाही, त्याला नाव दिल्याशिवाय उत्तर निघत नव्हतं. "म्हणजे क्ष काढायचा नसतोच नेहमी?" नाही. कधी तो नुसता मधे उभा राहून काम करून जातो.

हाच धागा धरून मी तिला भास्कराचार्यांचा मोर दाखवला. नाशिकरोडवरून भुसावळकडे निघालं की मनमाड, नांदगाव आणि मग चाळीसगाव. तिथून जवळच पाटण या गावी जुना शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाची नोंद आहे. म्हणजे आपल्याच रेल्वेच्या रस्त्यावर एकेकाळी हे गणित शिकवलं जात होतं. ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत उदाहरण आहे ते असं: ९ हात उंचीच्या खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय, मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली?

वेग एकाचाही दिलेला नाही, वेळही नाही. तरीही भाचीने खोडाखोडी करून उरलेलं वाक्य बरोबर पकडलं: दोघांचं अंतर सारखं. बिळापासून क्ष हातांवर गाठ पडली तर साप २७ − क्ष चालला. मोराची झेप म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, तिचा वर्ग ८१ + क्ष². सापाच्या अंतराचा वर्ग करून दोन्ही बाजू मांडल्या तर क्ष² दोन्हीकडचा जातो, ५४क्ष = ६४८ राहतं आणि क्ष = १२. साप १५ हात, मोर १५ हात. तिने मोराचं चित्र इतकं मन लावून काढलं की गणिताला जेमतेम अर्धं पान राहिलं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींना, म्हणजे आपल्या क्षसारख्या अज्ञातांना, रंगांची नावं असत, काळा, निळा, पिवळा, तांबडा. हे कळल्यापासून ती समान असलेल्या दोन गोष्टी एकाच रंगाच्या पेनने लिहिते. त्यासाठी नवा पेनांचा संच आणावा लागला, तो अर्थात मी आणला.

नाव आणि प्रवाहाच्या उदाहरणांवर फार वेळ घालवला नाही. प्रवाहाबरोबर वेगांची बेरीज, विरुद्ध वजाबाकी, दोन समीकरणं मिळवली की नावेचा वेग सुटतो. नाशिकमध्ये कुणी गोदावरीतून नाव घेऊन उलटं जात नाही. आपल्याकडे प्रवाहाचं गणित पावसाळ्यात चालतं आणि ते क्युसेकमध्ये असतं: गंगापूरमधून किती सोडलं, गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी किती चढलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. धरणातून सोडलेलं पाणी रामकुंडावर कधी पोचेल, हे भांडीबाजारातल्या दुकानदाराला विचारावं. अंतर, वेग, वेळ यांतला एकही शब्द न उच्चारता तो माल वरच्या फळीवर हलवायला लागतो.

वर्गसमीकरण मात्र रमण्यासारखं आहे. ३०० किमी जाणाऱ्या गाडीचा वेग ताशी १० किमीने जास्त असता तर एक तास कमी लागला असता, तर मूळ वेग किती? दर वर्षी या घाटणीचं एखादं उदाहरण कुठल्या ना कुठल्या पेपरात भेटतंच. ३००/क्ष − ३००/(क्ष + १०) = १. छेद काढले की क्ष² + १०क्ष − ३००० = ० आणि मुळं ५० आणि −६०. इथे सगळा वर्ग एका सुरात लिहितो, वेग ऋण नसतो म्हणून −६० अग्राह्य. गुण मिळतात, पुढचं उदाहरण.

आरशातल्या साडेसतरापासून भाचीला उणं दिसलं की थांबायची खोड लागलीय. तिनेच दाखवलं: "आत्या, वाढलेला वेग साठच आहे ना? ५० अधिक १०." बरोबर. जे मूळ आपण केराच्या टोपलीत टाकतो ते दुसऱ्या वेगाचंच, चिन्ह तेवढं उलटं. असं दर वेळी होतं, कारण वेगात जेवढा फरक पडतो, तेवढीच पण उलट्या चिन्हाची दोन मुळांची बेरीज येते, इथे −१०. पेपरात ते अग्राह्यच लिहायचं, हेही तिला बजावून सांगितलं. तपासणाऱ्याला आपली गंमत कळेलच याची खात्री नाही.

त्याच समीकरणात गाडी चालवणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. वेग खाली, छेदात बसतो. त्यामुळे ६० किमीच्या रस्त्याला ताशी ३० चे ४० केले तर अर्धा तास वाचतो, आणि ताशी १०० चे ११० केले तर जेमतेम सव्वातीन मिनिटं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण चालू आहे, आणि आमच्या नात्यातले काही वीर तिथे किती वेगाने गाडी हाकली ते लग्नाच्या पंगतीत सांगतात. परतताना ते नाशिकमध्ये द्वारकाच्या चौकात सव्वातीन मिनिटांच्या कितीतरी पट वेळ उभे असतात, हे कुणी सांगत नाही.

हल्ली भाची स्वतः उदाहरणं रचते. हे सोडवण्यापेक्षा अवघड आहे. उत्तर आधी ठरवून मागे यावं लागतं, नाहीतर तिच्या पहिल्या उदाहरणातल्यासारखी एसटी ताशी ३२० किमीने धावते. मागच्या आठवड्यात तिने एक आणलं, आणि ते मला पुस्तकातल्या पुष्कळ उदाहरणांपेक्षा सरस वाटतं, कारण त्यात थांबा आहे. तिच्याच शब्दांत देते:

'नाशिक ते पुणे अंतर २१० किमी आहे. बाबांच्या गाडीपेक्षा आत्याच्या गाडीचा वेग ताशी १० किमीने कमी आहे. शिवाय आत्या संगमनेरला चहाला पाव तास थांबते. बाबा कुठेच थांबत नाहीत. आत्याला बाबांपेक्षा एकूण पाऊण तास जास्त लागतो, तर बाबांच्या गाडीचा वेग काढा.'

चहाचा पाव तास आधी बाजूला काढा, मग तक्ता आखा. दोन मुळं येतील. त्यातलं उणं मूळ खोडण्याआधी एकदा नीट बघून घ्या, माझ्या गाडीचा वेग तिथे आहे.